अढी माझ्या आईची

वासू,

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. शाळेच्या वार्षिक अंकात तुझ्यासाठी चार पानं ठेवली आहेत, त्यातली दोन मी लिहावीत असं मुख्याध्यापक स्वतः घरी येऊन सांगून गेले. मी विचारलं, जे लिहीन ते छापाल का? हो म्हणाले. एकही ओळ न काढता? तेव्हा ते जरा थांबले आणि मग हो म्हणाले. ते थांबणं मी पाहिलं, म्हणून तो होकार चहा घेऊन आलेल्या बायकोसमोर त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतला. इतकी वर्षं आंब्याच्या दलालांशी बोलून काढली आहेत. शब्द कसा बांधून घ्यायचा ते मला कळतं. एका तुझ्याकडून तो बांधून घ्यायचा राहिला.

एस. एस. सी.ला मराठीत नापास झालेल्या माणसाकडे मराठीतला लेख मागतात, याचं तुला हसू आलं असतं. खुशाल हस. मी का नापास झालो तेही इथेच येणार आहे.

तुझं मोत्यासारखं अक्षर, तुझी शिस्त, तुझा पांढरा सदरा, हे सगळं बाकीच्या दोन पानांत येईल. मी त्यासाठी बसलेलो नाही. शोकसभेत तुझ्या बरोबरीचे एक मास्तर उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, की वासुदेवरावांच्या आजोबांची अढी आता पोरकी झाली. सगळ्या हॉलने माना हलवल्या. मी उठून बाहेर आलो. मागून कुणी तरी म्हणालं, भिकाजीरावांना अनावर झालं. अनावर झालं होतं, पण ते रडू नव्हतं.

तुझे आजोबा कचेरीत कारकून होते आणि तू जन्मायच्या आधी वारले. आंब्याचा चीक लागला तर त्यांच्या अंगावर पुरळ उठायचं, हे मला तूच सांगितलं होतंस. तुमच्या घरी आंब्याचं एक झाड नव्हतं. अढी माझ्या आईची होती. देवगडच्या एका बागायतदाराच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ती पेंढ्यात आंबे पिकत घालायचं, अढी लावायचं काम करायची, आणि तू तिथे दहावीच्या मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदा आलास तो आंबे खायला.

तेव्हा तुझी अभ्यासाची रीत म्हणजे धडा मोठ्याने वाचायचा, संपला की पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या म्हातारीला तुझा इतिहास पाठ झाला होता, तुला नव्हता. दहावीत तू कसाबसा वर अकरावीत ढकलला गेलास, तेव्हा एस. एस. सी. अकरावीला असायची. पेंढ्यावर बसून तू आईला ते रडगाणं सांगत होतास, एकेक धडा चाळीस वेळा वाचला तरी पेपर बघितला की डोकं कोरं. आईचे हात चालूच होते. पिकलेला आंबा एका बाजूला, कच्चा परत पेंढ्यात. ती म्हणाली, "चाळीस वेळा वाचलंस मां? मगे आता पुस्तक मिटून एकदा सांग."

तू सुरुवात केलीस आणि तिसऱ्या वाक्याला अडलास.

"अडाखळलंस. कच्चो," ती म्हणाली. "परत घाल."

तिथून सगळं सुरू झालं. आपण धड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. आंब्याच्या दोन रिकाम्या पेट्या, एक तुझी, एक माझी. आई समोर बसायची. आपण प्रश्न वाचून चिठ्ठी तिच्या हातात द्यायची आणि उत्तर सांगायचं. तिला अक्षर येत नव्हतं. चिठ्ठी पुष्कळदा उलटी धरलेली असायची. पण तिचे डोळे चिठ्ठीवर नसायचेच, ती आवाज ऐकायची. आवाज सरळ गेला तर चिठ्ठी बाजूला. डळमळला, की कच्चो, परत पेटीत. तिला वाचता येत नव्हतं म्हणून ती आपल्याला एक शब्दही सुचवू शकत नव्हती, आणि तेच आपल्या फायद्याचं झालं.

भरती-ओहोटीची चिठ्ठी आठवते ना? तू धडाधड सांगितलंस, की चंद्राच्या आकर्षणाने समुद्राला भरती येते. आवाज कुठे हलला नाही. मला वाटलं, आता बाजूला टाकणार. तिने चिठ्ठी हातातच ठेवली.

"मगे अमावाशेक चंद्र दिसना नाय, तरी उधाण कित्या येता?"

आपण दोघंही समुद्राकाठी वाढलेले. अमावास्येच्या उधाणाला होड्या किती वर ओढायच्या ते आपल्याला पुस्तकाआधी ठाऊक होतं, पण पुस्तक हातात घेतलं की समुद्र विसरायचा अशी आपली सवय. तू दोन दिवस शास्त्राच्या मास्तरांच्या मागे लागलास. त्यांनाही पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. मग भर दुपारी तू धावत मांगरात आलास आणि मला बाजूला सारून तिला सांगितलंस, की चंद्र असतो, फक्त दिसत नाही, आणि त्या दिवशी सूर्य-चंद्र दोघे एका बाजूने ओढतात. पेंढ्यावर दोन आंबे आणि एक नारळ मांडून दाखवलंस. ती म्हणाली, आता पिकलो. तुला इतका आनंद झाला होता की तू त्यातला एक आंबा न विचारता खाल्लास.

ते तुझं धावत येणं डोळ्यांपुढे आलं की माझा राग ढिला पडतो. म्हणून ते लवकर लिहून टाकलं.

आता तुझी पहिली लबाडी. आपला सौदा झाला होता. अढी मी तुला दिली, त्याच्या बदल्यात माझं मराठी तू सुधारायचंस. माझ्या निबंधांत मालवणी शब्द घुसायचे आणि मला ते दिसायचे नाहीत, कानाला बरोबरच वाटायचे. तू त्यांच्याभोवती गोल करायचास, ते शब्द माझ्या पेटीत जायचे. दिवाळीपर्यंत तू गोल केलेस. परीक्षेचं केंद्र मालवणला होतं, म्हणून फेब्रुवारीत तू तुझ्या मामाकडे राहायला गेलास, आणि जाताना तपासायला म्हणून माझी निबंधाची वही घेऊन गेलास. ती मला परीक्षेनंतर मिळाली. शेवटच्या नऊ निबंधांत एकही गोल नव्हता. तू उघडलीच नव्हतीस.

परीक्षेत निबंध आला, माझा गाव. मी मथळाच लिहिला "माझो गाव". तपासनिसाने पुढचं वाचलं की नाही कोण जाणे. भरती-ओहोटीचा प्रश्नही आला होता. तो दोघांनीही पूर्ण लिहिला. तू पास झालास, मी एका विषयात राहिलो, आणि पुढच्या मोसमात आंब्याच्या पेट्या मोजायला लागलो.

त्यावर मी तुला कधी शिवी दिली नाही. पोरवय होतं, विसरला असशील, असं मानलं. मी मुंबईच्या व्यापाऱ्यांना पत्रं लिहीत राहिलो, त्यांची उत्तरं बघून आपले चुकलेले शब्द चिठ्ठ्यांवर काढत राहिलो, आणि आई त्या उलट्या धरत राहिली. असं मी मराठी शिकलो. तू शिक्षक होऊन आपल्याच शाळेत आलास तेव्हा मी तुला पहिल्या फळांची पेटी पाठवली होती. आई गेली तेव्हा तू खांदा दिलास. हे मी नाकारत नाही.

मग चार वर्षांनी तुझी पुस्तिका आली. "अभ्यासाची अढी". मी पुस्तकांच्या दुकानातच उभ्याने उघडली. पहिल्याच पानावर: "आमचे आजोबा आंब्याची अढी लावीत, त्यावरून मला ही पद्धत सुचली."

मी तसाच शाळेत आलो. तू शिक्षकांच्या खोलीत होतास, आणखी तिघे बसले होते. मला बघून तू म्हणालास, "या भिकाजीराव, आपण सुट्टीनंतर बोलू." भिकाजीराव. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या आईच्या हातचं जेवलेल्या माणसाच्या तोंडून.

मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटलं, "वासू, माझ्या आवशीचो तू आजो केलंस."

तिघे उठून गेले. तू दार लावलंस आणि तेव्हा कुठे आपल्या भाषेवर आलास. तुझं म्हणणं मी प्रामाणिकपणे लिहितो, कारण तू उत्तर द्यायला नाहीस. तू म्हणालास, "आजो म्हटल्यार लोक ऐकतत. आंबे लावणाऱ्या बायलमाणसाचा कोण ऐकतलो?" वर म्हणालास, की शिक्षणखात्याच्या साहेबांपुढे पद्धत मांडायची तर तिला घराणं लागतं, तुला नाव मिरवायचं नव्हतं, मुलांपर्यंत गोष्ट पोचवायची होती. पोचवलीसही. चार गावांच्या शाळांनी ती घेतली. पण ते ऐकून मी निवळायला लागलो होतो, तेवढ्यात तू वही ओढलीस आणि म्हणालास, बरं, पुढच्या वेळी घालू.

"तुझ्या आवशीचा नाव काय रे?"

वर्षभर तू तिच्या पुढ्यात बसलास. तिचं जेवलास, तिला खांदा दिलास. भिकूची आवस, भिकूची आई, एवढंच तुला माहीत होतं. मी नाव न सांगता निघून आलो.

त्यानंतर मी जे केलं त्याला सूड म्हणतात, मी दुसरा शब्द शोधत नाही. घरी येऊन पुस्तिका पूर्ण वाचली आणि तिसऱ्या पानावर हसू फुटलं. तू लिहिलं होतंस: "आजोबा रोज सकाळी अढी उघडून प्रत्येक फळ वरखाली करीत. विद्यार्थ्यांनीही रोज सर्व चिठ्ठ्या वरखाली कराव्यात." रोज! अढी रोज उघडली तर ऊब जाते, आंबा सुरकुततो आणि आंबट राहतो. देवगडातलं शेंबडं पोर हे सांगेल. तुझी चूक कशी झाली तेही मला लगेच कळलं. तू मांगरात यायचास तेव्हा अढी नेहमी उघडलेली असायची, कारण तू उघडायच्या दिवशीच यायचास, पिकलेलं मिळायचं म्हणून. तुझी चिठ्ठ्यांची पेटीही मधले दिवस आई माळ्यावर टाकून ठेवायची. तू ज्या रीतीने पास झालास ती तुला कळलीच नव्हती. चोराने पेटी नेली होती आणि किल्ली आमच्याकडेच राहिली होती.

मी गप्प बसलो. दुकानातल्या उरलेल्या प्रती घेतल्या आणि पानं फाडून फळांखाली घातली. तुझे आजोबा त्या मोसमात मुंबईला गेले. आईच्या रीतीचं नाव तू पुसलंस, तर तुझं नाव त्याच रीतीने खराब होऊ दे, असा माझा हिशेब होता. तुझ्याबद्दल मनात अढी धरू नका असं बायको म्हणायची. मी म्हणायचो, धरली नाही, घातली आहे. वेळ आली की उघडीन.

पण माझी सुमन नववीत तुझ्या वर्गात आली. संध्याकाळी चिठ्ठ्यांचा ढीग घेऊन बसायची आणि बसल्या जागी पेंगायची. म्हणाली, बाबा, घरी सगळं येतं, चाचणीत काही येत नाही. घरी येणारच. काल बघितलेलं आज आठवतं, त्यात शिकलेलं काही नसतं. मी तिची पेटी उचलून माळ्यावर टाकली आणि आईची रीत तिला समजावली, पण कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घातली. वार्षिक परीक्षेत ती वर्गात पहिली आली. तू तिला उभं करून विचारलंस, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, "ही माझ्या आजीची रीत आहे, सर." पुढे काही बोलली नाही. तुझा चेहरा कसा झाला ते मी तिला तीनदा विचारलं.

मग तू माझ्या आंब्याच्या वखारीत आलास. मे महिना, पेट्या बांधायची घाई. तू पेंढ्यावर बसलास आणि सरळ विचारलंस, ती रीत सांगूक काय व्हया तुका? मी म्हटलं, आईचं नाव, पहिल्या पानावर. तू शेवटच्या पानावर आभार देतो म्हणालास. मी पेटीला खिळे मारत राहिलो. तू म्हणालास, बरं, पहिलं पान, पण "एका मातेकडून" असं. मी म्हटलं, मातेला नाव असतं. तू तासाभरात एकेक शब्द चढत गेलास. मला सौद्यांची सवय आहे. समोरचा कुठे तुटेल ते दिसतं. तू तुटणार नव्हतास, तुला खरंच शिकायचं होतं, तेही मला दिसत होतं. शेवटी ओळ ठरली. ही पद्धत द्वारकाबाईंची, देवगडच्या. आजोबा जाणार. मी नाव सांगितलं तेव्हा तू ते दोनदा पुटपुटलास, आपण मांगरात पुटपुटायचो तसं.

इतकं सगळं जमलं, आणि आपण कशावर अडलो?

"आदी सांग, मगे छापतंय," तू म्हणालास.

"आदी छाप, मगे सांगतंय," मी म्हणालो.

मी वहीची आठवण काढली. ज्याने माझी वही नेऊन उघडली नाही त्याला आगाऊ काही मिळणार नाही. तू उठलास, अंगावरचा पेंढा झाडलास आणि म्हणालास, "आणि तू माझी चूक बघून गप रवलंस. माझ्या वर्गातली पोरां काय तुझी दुश्मन होती?"

त्यावर मी तुला काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

दोन वर्षं आपण त्या दोन वाक्यांवर बसलो. बाजारात भेटलो की तू विचारायचास, सांगतंस? मी विचारायचो, छापलंस? लोकांना वाटायचं थट्टा चालली आहे. थोडी होतीही. नंतरनंतर तेवढ्यासाठीच मी शाळेवरून जायचो.

तुला कावीळ झाली तेव्हा मी आलो नाही. वाटलं, आता गेलो तर तू समजशील मी खाली उतरलो. सुमनच्या हाती ऊस पाठवला. तू उठून बसला होतास म्हणे. तिला विचारलंस, बापूस काय म्हणता? मी तिला पढवूनच पाठवलं होतं. ती म्हणाली, छापलंत का, असं विचारतायत. तू हसलास आणि म्हणालास, त्याला सांग, बरा झाल्यावर. आठव्या दिवशी तू गेलास. बरा झाल्यावर छापणार होतास की बरा झाल्यावर भांडणार होतास, हे मला आता कोण सांगणार?

इथवर लिहून मी कागद सुमनला वाचायला दिले. तिने दोन जागी शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि कागद परत दिले, पण उठली नाही. मी म्हटलं, काय ते बोल. ती म्हणाली, "सरांनी काय केलं ते सगळं आलंय. पण बाबा, माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुली रोज सगळ्या चिठ्ठ्या काढत होत्या. दोघी नापास झाल्या. तुम्ही मला शपथ घातली होती, म्हणून मी त्यांच्याशेजारी बसून गप्प राहिले. ते यात नाही."

मी तिच्यावर ओरडलो. ती आत निघून गेली. मी कागद पुन्हा पुढे ओढले.

ते आता यात आहे. माझ्या आईने तुझ्याकडून एक आंबासुद्धा बदल्यात मागितला नव्हता. तिच्या नावासाठी मी जे अडवून धरलं, ते तिने कुणाला अडवलं नसतं. तुला मी माफ केलेलं नाही, वासू. वहीसाठी नाही, आजोबांसाठी नाही, आणि तिचं नाव विचारावं लागलं त्यासाठी तर नाहीच. ही पानं प्रत्येक वर्गात वाचली जावीत, असंही मी मुख्याध्यापकांकडून कबूल करून घेतलं आहे. पण कुणी आधी, या प्रश्नावर आता मला एकट्याला बसून राहता येत नाही. मी आधी सांगतो.

मुलांनो, तुमच्या मास्तरांच्या पुस्तिकेचं तिसरं पान खोडा आणि हे लिहून घ्या. धडा वाचला की त्याच दिवशी पुस्तक मिटून कुणाला तरी सांगा. ज्याला त्यातलं काही येत नाही असं माणूस मिळालं तर फार चांगलं, आणि त्याने "कित्या" विचारलं तर चिडू नका. मग पेटी बंद करा आणि पाच दिवस हात लावू नका. जरा विसरू द्या. विसरलेलं आठवताना डोक्याला जो जोर लागतो, त्याच्या उबेनेच ते पिकतं. पाचव्या दिवशी काढा. न अडखळता आलं ते बाजूला ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. अडखळलं ते पुन्हा वाचून परत आत घाला. ओळीने काढू नका, हाताला येईल ती चिठ्ठी काढा. नुसतं बघून ओळखीचं वाटलं म्हणजे आलं असं समजू नका. ही रीत द्वारकाबाईंची, देवगडच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

झालं सांगून, वासू. काही हातचं राखलेलं नाही, सुमनला विचार.

आता छाप.